परीच्या झग्याचं अस्तर

गुलाबी साटिनला मी हात लावत नाही. कुणाच्या लग्नात नवरी घोळदार गाऊन घालून, मागं शेपूट ओढत स्टेजवर आली की लोक मोबाइल वर करतात आणि मी जेवणाच्या रांगेकडं वळते. भाच्या म्हणतात, मावशीला नवं काही बघवत नाही. नवं कुठलं आलंय त्यात? हे सोंग मी पहिल्यांदा बघितलं ते बेळगावजवळच्या वडगावात, आमच्याच घरात, ऐंशी सालाच्या आसपास. तेव्हा त्याचा जो वास नाकात गेला तो अजून निघालेला नाही.

आमचं घर विणकराचं. पुढच्या खोलीत आप्पांचा हातमाग आणि उरलेल्या जागेत आम्ही. गल्लीत घरोघरी पॉवरलूम आले होते आणि त्या खडखडाटात राहून आम्हा सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. पाहुण्यांना वाटायचं, या घरात कायम भांडणं चालतात. आप्पांनी मात्र हातमाग सोडला नाही. त्यांना समजावायला आलेले लोक शेवटी चहा पिऊन जात आणि आप्पा परत मागावर बसत.

माझी थोरली बहीण म्हणजे आक्का. देखणी होती, टी.सी.एच. करून काकतीच्या शाळेत शिकवायला जायची. तिला निपाणीचं स्थळ आलं. तंबाखूचे मोठे व्यापारी, लांबून सोयरेच लागत होते. त्यांच्या आज्याच्या काळात त्यांच्याही घरात माग होता, पण तो विषय त्या घरात कुणी काढत नसे. मुलगा सरळ होता, आक्काला तो आवडला होता आणि त्याला ती. म्हणून आम्ही हरखलो होतो. पुढं जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काही हात नव्हता, त्याला कुणी विचारलंच नाही.

आमच्यात एक रीत होती. मुहूर्ताला नवरीच्या अंगावर सासरचा शालू असतो, त्यात माहेरानं बोलायचं काही नसतं. पण संध्याकाळी सासरच्या माणसांत पहिल्यांदा बसताना ती बापाच्या मागावरची साडी नेसते. ही साडी विकायला विणलेली नसते. तिचं रेशीम वेगळं आणतात, ती मागावर चढली की उतरेपर्यंत दुसरं काम घेत नाहीत. मग त्या संध्याकाळी सासरचे लोक काठ हातात धरून बघतात, पदर उलटून बघतात आणि विचारतात, हात कुणाचा? नवरीचा बाप तिथंच बसलेला असतो आणि तो सांगतो, माझा. बस, एवढंच. पण त्या एका प्रश्नासाठी विणकर पोरीच्या लग्नाची वाट बघत असतो. आप्पा तर आक्का परकर-पोलक्यात होती तेव्हापासून बघत होते.

आक्काची साडी त्यांनी अख्ख्या रेशमाची लावली. डाळिंबी अंग, गर्द हिरवे काठ आणि पदरावर आमच्याकडं असतात तसे पांढरे टोकदार दाते. एरवी विणताना ते अभंग नाहीतर कानडी वचनं गुणगुणत. ही साडी मात्र गप्प बसून विणली. शेजारचे विणकर कामावरून उठून यायचे, बोटानं काठ चाचपायचे आणि जाताना दारात थांबून उगाच आणखी थोडं बोलत राहायचे. आईला तेवढ्यानंच मूठभर मांस चढायचं.

अशात आक्काची होणारी नणंद आमच्याकडं आली. तिला मुंबईला दिलेलं होतं. येताना तिनं गुळगुळीत पानांची दोन-तीन मासिकं आणली होती आणि ती मासिकं आमच्या हातात न देता स्वतःच पानं उलटून दाखवत होती, आमच्या हाताला जणू सुताची खळ लागलेली असते. तशी ती लागलेली असायचीच म्हणा. तेव्हा बेळगावात एक परीकथेचा सिनेमा जोरात चालला होता. उडणारा घोडा, गुहेतला राक्षस आणि त्याच्या कैदेतली परी. परी कैदेत असली तरी तिचा गुलाबी झगा काही चुरगळत नव्हता. खांद्यावर फुगे, डोक्यामागं पंख्यासारखी उभी कॉलर, कमरेखाली मांडवाएवढा घेर. नणंदबाईंनी मासिकातल्या बाईकडं बोट दाखवलं. तिच्या डोक्यामागंही तोच पंखा होता.

तिनं आम्हाला शिकवलं की सिनेमातली परी जे घालते तेच मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत नट्टापट्टा केलेल्या बायका फॅशन म्हणून चालून दाखवतात, आणि हॉटेलात जे दिसतं ते पुढच्या सिनेमातल्या परीच्या अंगावर येतं. मी विचारलं, मग पहिल्यांदा कुणी शिवलं? ती म्हणाली, ते लोक एकमेकांकडूनच घेतात. म्हणजे शेजारणी एकमेकींकडून विरजण नेतात तसं. फक्त ते विरजण मूळचं कुणाच्या घरचं हे कुणालाच माहीत नाही आणि वास मारायला लागलं तरी कुणी टाकत नाही. हे मी मोठ्यानं बोलले नाही, आईनं डोळे वटारले होते.

तिचं म्हणणं असं की संध्याकाळच्या रिसेप्शनला आक्कानं तोच झगा घालायचा. निपाणीत अजून कुणी घातलेला नाही. आईनं भीत भीत आमच्या रीतीचं सांगितलं. नणंद हसून म्हणाली, "नेसेल की ती साडी नंतर, घरात कामाला." घरात कामाला! आप्पांच्या हातातला धोटा तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. आक्काच्या होणाऱ्या सासूनं स्वतःचं म्हणणं नणंदेच्याच तोंडून पाठवलं होतं, आणि मुलीकडच्यांनी काय म्हणायचं असतं ते तर ठरलेलंच होतं.

लग्नाच्या आठवडाभर आधी झगा आला. बेळगावात नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान होतं, त्याला सगळे ड्रेपरी म्हणत. शूटिंग संपल्यावर सिनेमावाल्यांनी विकलेला खराखुरा झगा ड्रेपरीवाल्याकडं आहे असं कुणीतरी नणंदेला सांगितलं होतं आणि तिनं ओळख काढून तो मिळवला होता. पत्र्याच्या पेटीतून तो आमच्या दारात उतरला. आईनं पेटी उघडली आणि पदर नाकाला लावला.

काय सांगू त्या वासाचं. तोंडाला लावायचा रंग, शिळी पावडर, डिंक, ओल धरलेलं कापड आणि या सगळ्याच्या खाली घाम. एका माणसाचा नव्हे, कितीतरी जणांचा, एकावर एक वाळलेला. काखेतलं कापड पापडासारखं ताठ झालेलं, त्यावर पिवळ्या कडांची वर्तुळं. कॉलरीच्या आतल्या बाजूला मेणचट काळा थर. चमक्या डिंकानं चिकटवलेल्या, म्हणून पाणी लावायचं नाही अशी ड्रेपरीवाल्याची ताकीद होती. म्हणजे सिनेमातल्या परीच्या अंगावरून उतरल्यापासून तो धुतलाच नव्हता. लांबून लखलखणारं ते जवळून बघितलं तर मच्छरदाणीची जाळी, बेगड आणि पत्र्याच्या टिकल्या. मी आत हात घातला तर छातीपाशी चिंध्यांचे दोन गोळे शिवलेले. नंतर कळलं की मधल्या काळात कंग्राळीच्या जत्रेतल्या नाटकात एका बाप्यानं राणी होऊन तो घातला होता. गोळे त्याचे. मला अंगणात जाऊन उलटी झाली.

आईनं ते गोळे उसवून चुलीत घातले. धुरी दिली, उन्हात टाकला, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवला. वास हटला नाही, वर कडुलिंबाचा आणखी एक आला. आक्कानं घालून बघितला तर दिवेलागणीपर्यंत तिच्या मानेवर आणि दंडावर लाल चट्टे उठले. बेगडाच्या कडा टोचत होत्या त्या वेगळ्याच. आई रडायला लागली. मी म्हटलं, परत पाठवा, सांगा की आमच्या पोरीला सोसत नाही. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लग्न मोडायलाच निघाले होते. खरंही होतं ते. नणंदेनं तोवर निम्म्या निपाणीला सांगून ठेवलं होतं की वहिनी परी होऊन येणार आहे. नाही म्हणणं म्हणजे तिचं नाक कापणं, आणि आक्काला तिथं जन्म काढायचा होता.

तेव्हा आक्कानंच तोड काढली. साडी नुकतीच मागावरून उतरली होती. ती मांडीवर घेऊन आप्पांसमोर बसली आणि म्हणाली, "आप्पा, ह्येचं अस्तर लावू झग्याला. भायेरनं त्यांचं दिसू दे. माझ्या अंगाला तुमचं लागू दे."

विणकराच्या घरात अख्ख्या साडीला कात्री लावत नाहीत. फाटलेल्या साडीची गोधडी होते, झबली होतात, ते वेगळं. न नेसलेली साडी कापायची म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणी ऐकलं असतं तरी कानावर हात ठेवले असते. आप्पा उठले. जेवले, पान खाल्लं, झोपले. मला वाटलं विषय संपला. सकाळी बघते तर जमिनीवर चादर अंथरून त्यांनी साडी पसरलेली, आणि खडूनं ते स्वतः खुणा करत होते. पदर छातीवर यावा, काठ घेराच्या खालच्या कडेला यावा, अशा बेतानं. आत कुणाला दिसणार होतं ते? पण ते गुडघ्यांवर रांगत, इंचाइंचानं सरकवत बसले होते. मला त्यांची किळस नाही आली, त्यांना रांगायला लावणाऱ्यांची आली. नंतर मी खूप लग्नं बघितली, खूप नणंदा बघितल्या, पण तेवढी किळस परत कुणाची आली नाही.

आईनं अस्तर हातानं शिवलं. पोरीच्या अंगाला टोच लागू नये म्हणून तिनं सगळ्या शिवणी दोन कापडांच्या मध्ये दडवल्या, हुकांना रेशमाच्या पट्ट्या लावल्या आणि कॉलर वेगळी काढता येईल अशी केली, कारण तिला अस्तर लावणं शक्यच नव्हतं. झालं असं की झगा बाहेरून जितका घाणेरडा होता तितका आतून देखणा झाला. घड्या घालताना आम्ही तो आतली बाजू वर करूनच ठेवत होतो.

मुहूर्त सकाळी आमच्याकडं झाला आणि दुपारी सगळे निपाणीला गेलो. रिसेप्शन त्यांच्या तंबाखूच्या वखारीत होतं. पोती एका अंगाला सारून, त्यावर पडदे सोडून स्टेज केलेलं, दिव्यांच्या माळा, पंखे. पंखे चालू झाले की सगळीकडून तंबाखूचा खकाणा उडायचा. नवरदेव शिंकत होता, बँडवाले शिंकत होते, आशीर्वाद द्यायला आलेली थोर मंडळी शिंकत होती. या सगळ्यात आक्का गुलाबी झग्यात बसली होती, डोक्यामागं ती उभी कॉलर, हलायची सोय नाही. बायका म्हणत होत्या, सिनेमाच. नणंद सगळ्यांना मासिकातलं सांगत फिरत होती.

मग फोटोवाल्यानं मोठे दिवे लावले. उष्णतेनं डिंक सुटायला लागला. आधी टिकल्या गळायला लागल्या, आक्काच्या मांडीवर, पायाशी. मग काखेतला तो जुना घाम ओला झाला आणि वास उठला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. त्यांना वाटलं तंबाखू. मी स्टेजच्या कडेला उभी होते, मला ठाऊक होतं काय आहे ते. आक्कालाही ठाऊक होतं. तिच्या तोंडावर असा भाव होता की लोकांना वाटावं, हा वास हिच्या अंगाचाच आहे. एक बाई आशीर्वाद देताना मान मागं घेऊन अक्षता टाकून गेली. आक्कानं मला खूण केली आणि आम्ही बाजूच्या खोलीत गेलो.

"उलटा कर," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग आनंदाच्या भरात मी भराभर हुक काढले. कॉलर मी काढून पोत्यांवर फेकली. झगा उलटला, गुलाबी आत गेलं, डाळिंबी बाहेर आलं. त्याआधी आक्कानं आमच्या बोचक्यातली एक जुनी साडी अंगाला गुंडाळून घेतली होती, म्हणजे बेगड टोचणार नव्हतं. छातीवर पदराचे पांढरे दाते, पायाशी हिरवा काठ गोल फिरलेला. सगळं आप्पांनी खडूनं आखलं होतं बरोबर तिथंच. मी तिला दारातून पुढं ढकललं.

ती स्टेजवर आली तेव्हा बँडवाल्यांनी वाजवणं मधेच थांबवलं. सासूच्या तोंडचा रंगच गेला. उलटा कपडा अंगावर, तोही नव्या नवरीच्या, तोही पहिल्या दिवशी. आता काहीतरी फुटणार असं वाटलं आणि मला ते फुटावं असं वाटत होतं. पण नणंद हुशार. तिनं टाळ्या वाजवल्या आणि मोठ्यानं सांगितलं की हेच तर दाखवायचं होतं, हा दोन्हीकडून घालायचा ड्रेस आहे, मुंबईत हॉटेलातल्या शोमध्ये आता हेच चाललंय, सिनेमावालीनं खास पाठवलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, कुणीतरी वाजवली की वाजवायच्या. मघाशी रुमाल लावलेल्या बायका उठून पुढं आल्या आणि रेशमावरून हात फिरवायला लागल्या. कापड कुठलं, असं एकीनं विचारलं. नणंद म्हणाली, मुंबईचं. दुसरीनं विचारल्यावर ती म्हणाली, फॉरेनच्या बाईनं काढलेलं डिझाइन आहे. त्यापेक्षा झग्याचा वास परवडला.

आक्काच्या सासरचीच एक म्हातारी आत्या होती. लहानपणी तिनं घरात माग बघितलेला असणार, कारण तिनं काठ धरला तो विणकराच्या बाईनं धरावा तसा, दोन बोटांत मुरडून. आप्पा पुढच्याच खुर्चीवर बसले होते, नवा फेटा, गुडघ्यांवर हात. म्हातारीनं त्यांच्याकडं बघून विचारलं, "पाव्हणं, तुम्ही माग चालवतासा. तुम्हांस्नी कळतंय. हात कुणाचा हो ह्यो?"

नणंद आप्पांकडं बघत होती, सासूही बघत होती. आप्पा उठले, पुढं आले. त्यांनी काठ हातात घेतला, अंगठा फिरवला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो प्रश्न त्यांना विचारला गेला होता, भर वखारीत, आणि उत्तर द्यायला एक शब्द पुरत होता. मी तो शब्द मनातल्या मनात म्हटलासुद्धा. आप्पांनी एकदा आक्काकडं बघितलं, मग तिच्या सासूकडं.

"मुंबईचाच हात म्हणायचा," ते म्हणाले. "आमच्या मागावर असलं कुठलं निघतंय, आत्या."

म्हातारीनं काठ सोडला. सासू हसली, पहिल्यांदाच मोकळेपणानं, आणि आप्पांना बसा बसा म्हणाली. कुणीतरी त्यांना सरबताचा पेला दिला. त्यांनी तो घेतला आणि खाली मान घालून पिऊन टाकला. मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्याकडं बघवेना, आणि बघितल्यावर राग धरवेना.

आक्का बसल्या जागी तशीच बसून होती. फोटोवाला म्हणत होता, वहिनी, इकडं बघा. ती उठली आणि माझा हात धरून परत बाजूच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. मला वाटलं आता रडणार. ती रडली नाही. तिनं पाठ माझ्याकडं केली.

"सुलटा कर," ती म्हणाली. "मुंबईचं म्हणून न्हाय घालायचं मला ह्ये."

मी नको म्हणाले. खूप विनवलं. ती पाठ करून उभीच राहिली. शेवटी मी हुक काढले, झगा उलटला, आणि तिनं गुंडाळलेली जुनी साडी सोडून बाजूला टाकली. आप्पांचं रेशीम परत तिच्या उघड्या अंगाला लागलं आणि बाहेर तो गुलाबी, ओला, वास मारणारा झगा आला. मी पोत्यांवरची कॉलर उचलली, तिच्यावरचा खकाणा झटकला आणि तिच्या मानेला बसवली.